थंडीत डिझेल गाडी: आधी चावी, मग रिमोट



आमच्या निफाड पट्ट्यातला गारठा इथल्यांना सांगायची गरज नाही, बाहेरगावच्यांसाठी सांगतो. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथलं तापमान पेपरात येतं. २०१८ च्या डिसेंबरात तिथे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. दहिवर पार गोठलं होतं. असा कडाका पडला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि कांदेवाले पहाटे गाडीला सेल्फ मारत बसतात. आजची नोंद या दुसऱ्या मंडळींसाठी.

पुतण्याने दिवाळीत त्याच्या डिझेल पिकअपला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. शहरातल्या एका दुकानात. बटण दाबलं की पडवीत उभं राहून गाडी चालू. त्याने हे मोबाईलवर कॅनडातल्या व्हिडिओत पाहिलं होतं. तिकडे उणे वीस अंशात लोक घरातूनच गाडी चालू करतात, काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत आत चहा पितात. त्यांचं बरोबर आहे. पण तिकडच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक गियरच्या, आपल्या पिकअप हाताने गियर टाकायच्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी पहाटे साडेचारला खळ्यावर गाडी भरून उभी. लाल कांदा, लासलगावला न्यायचा. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत धरून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो, आणि एक दिवस चुकला तर उद्या काय भाव निघेल कोणाच्या हातात नाही. पुतण्याने बटण दाबलं. सेल्फ दीड सेकंद फिरला, बंद. परत दाबलं, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"नाना, रिमोट गेला वाटतं. नाहीतर बॅटरी."

म्हटलं, "रिमोट ठेव खिशात. चावी आण."

मंडळी, पहिला नियम हाच. रोग गाडीत आहे की रिमोटच्या डब्यात, हे आधी वेगळं करा. चावीने गाडी नीट चालू झाली तर गाडी चांगली आहे, दोष किटमध्ये. चावीनेही होत नसेल तर रिमोटला शिव्या देऊन उपयोग नाही. लोक दोन्हीकडे एकदम हात घालतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही.

त्याने चावी लावली. मी म्हटलं, लगेच सेल्फ मारू नको. मीटरवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह लागतं ना, ते विझू दे. ते हीटर प्लगचं चिन्ह. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून जी गरमी होते तिच्यावर डिझेल पेटतं. थंडीत ती गरमी गार लोखंडच खाऊन टाकतं, म्हणून हीटर प्लग आधी आत ऊब करतो. दिवा विझला, सेल्फ मारला, दोन झटक्यात गाडी चालू. जरा धूर काढला आणि लाईनीवर आली. सव्वापाचला निघाला, नंबर लागला, कांदा गेला.

म्हणजे दोष किटमध्ये. तो काय होता ते दुपारी आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनने शोधलं. किटमध्ये पेट्रोल आणि डिझेल अशा दोन सेटिंग असतात. दुकानदाराने पेट्रोलचीच ठेवून दिली होती. त्यामुळे बटण दाबलं की किट हीटरला वेळ न देता थेट सेल्फ द्यायचं आणि तेही एवढंसं. दिवाळीच्या उबेत ते खपून गेलं, गारठ्यात उघडं पडलं. डिझेलची सेटिंग लावल्यावर किट दहा-बारा सेकंद थांबून मग सेल्फ द्यायला लागलं. चावीने होते आणि रिमोटने होत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

आता चावीनेही गाडी होत नसेल तर काय बघायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी बॅटरी. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. दोन्हीकडून मार. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी तरी कमजोर किंवा जोड तरी ढिले. रिमोटच्या किटला एवढा कमी व्होल्टेज चालत नाही, ते मधेच बंद पडतं. शिवाय किट स्वतः चोवीस तास थोडा थोडा करंट खातं. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हेही धरा.

मग टर्मिनल. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा. बॉडीला जाणारी अर्थची वायर हमखास विसरतात. तिच्या बोल्टखाली रंग नाहीतर गंज असला की नवी बॅटरी घालूनही सेल्फ रडतो.

मग हीटर प्लग. सेल्फ जोरात फिरतो, पांढरा धूर निघतो, पण गाडी पकडत नाही, तर एखाद-दुसरा प्लग गेलेला असू शकतो. प्लगची वायर काढून टेस्ट करायला पाच मिनिटं लागतात.

शेवटी डिझेल. पंपावर हिवाळ्यात मिळणारं डिझेल वेगळ्या प्रतीचं असतं. थंडीत फिल्टरमधून ते वाहिलं पाहिजे, त्याची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश अशी ठरवून दिलेली आहे. मे महिन्यात ड्रम भरून ठेवला असेल आणि तेच डिझेल डिसेंबरात टाकीत ओतलं, तर त्यातलं मेण फिल्टरला धरू शकतं. फिल्टरखालचं पाणीही सोडून द्या.

दोन गोष्टी करू नका. नव्या गाडीत रॉकेल मिसळू नका, तिचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. आणि हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या पाईपात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. आत प्लग लाल तापलेला असतो, भडका उडतो. सेल्फही दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा मिनिट तरी विसावा द्या.

आता मघाचा गियरचा मुद्दा. इलेक्ट्रिशियन सेटिंग बदलत होता तेव्हा त्याने मला खाली वाकून बघायला लावलं. किटची एक वायर असते, गाडी न्यूट्रलला असेल तरच सेल्फ द्यायचा, हे त्या वायरीने किटला कळतं. दुकानवाल्याने ती थेट बॉडीला आवळून टाकली होती. म्हणजे गाडी कुठल्याही गियरमध्ये असो, किटला ती कायम न्यूट्रलच वाटणार.

सोमवारी गाडी खळ्यावर सपाटीला आणि न्यूट्रलला होती. पण रोज रात्री पुतण्या ती घरापुढच्या उतारावर लावतो. लोड असला की हँडब्रेक धरत नाही, म्हणून आपण सगळे लावतो तशी पहिल्या गियरमध्ये. गाडीच्या तोंडापुढे दहा पावलांवर चूल आहे. पहाटे वहिनी तिथे पाणी तापवते आणि नातवंडं शेकायला तिच्याभोवती बसतात. इतके दिवस सेटिंग चुकीची म्हणून किट जेमतेम सेल्फ देत होतं. आता नीट केल्यावर ते पूर्ण जोराने सेल्फ देणार, गाडी गियरमध्येच पकडणार आणि चुलीवर जाणार. दुरुस्त झालेला रिमोट बिघडलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा होता.

पुतण्या म्हणाला, "मी लक्षात ठेवून न्यूट्रलला लावत जाईन, नाना."

म्हटलं, "तू ठेवशील. तुझा ड्रायव्हर? आणि बटण एखाद्या पोराच्या हातात गेलं तर?"

तो गप्प झाला. पैसे गेल्याचं त्याला लागलं होतं, ते मलाही समजतं. शेवटी रिमोटने सेल्फ द्यायची वायर काढली, दरवाजाचं लॉक तेवढं ठेवलं. न्यूट्रलचा खरा स्विच बसवून कोणी खात्री करून देत असेल तर पुढे बघू. तोवर चावी.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे उणे वीस नसतं. चावी लावून दहा सेकंद थांबलं तरी आपलं काम होतं. बंद शेडमध्ये रिमोटने गाडी चालू करून ठेवणं तर नकोच, धूर आत कोंडतो आणि बाजूला जनावरं बांधलेली असतात.

ज्यांनी असं किट बसवलंय त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. बसवणाऱ्याला किंवा जवळच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, न्यूट्रलची वायर कुठे जोडली आहे? बॉडीला असेल तर उद्या पहाटेच्या आत ती सेल्फची लाईन बंद करून घ्या. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत रिमोट पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.