एकाच तोंडाचा दगड

मागच्या शनिवारी काही लिहिलं नाही, कारण हदगावला गेलो होतो. आण्णांना पुण्याला घेऊनच यायचं असं ठरवून. आई जाऊन दोन वर्षं होतील, आण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले, शेजारच्या काकूंनी उचललं आणि मला ते तिसऱ्या दिवशी कळलं! म्हणून दोन रिकाम्या बॅगा घेऊन गेलो. त्या रिकाम्याच परत आल्या. पण आधी एका दगडाची गोष्ट.

आण्णांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पांढरा गोल दगड असतो. मध्ये एक फट, आणि फटीपासून कडेपर्यंत पातळ पातळ पाती. कुत्र्याची छत्री पालथी धरल्यावर दिसते ना, अगदी तसं. १९८६ साली रामेश्वरच्या यात्रेत शिंपल्यांच्या दुकानातून आण्णांनी तो घेतला, जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गात दाखवायला. (आज घेता येणार नाही. २००१ साली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली.) हदगावहून समुद्र कुठल्याही दिशेला पाचएकशे किलोमीटर. त्यामुळे आमच्या शाळेतल्या कितीतरी पोरांनी पाहिलेला समुद्र म्हणजे हाच. आमची खात्री होती की हा पोवळ्याच्या मोठ्या झाडाचा तुटलेला तुकडा आहे.

शनिवारी संध्याकाळी बॅगांचा विषय काढायचा धीर होत नव्हता, म्हणून मी त्या दगडाबद्दल वाचत बसलो. आणि आमची खात्री चुकीची निघाली.

प्रवाळ म्हटलं की आपल्यासमोर वसाहत येते. हजारो बारके पॉलिप, प्रत्येकाची चुन्याची वाटी, सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मालवणच्या पाण्यात आहेत ती प्रवाळं बहुतेक अशीच. आमचा दगड मात्र एकाच पॉलिपचा सांगाडा आहे. मधली फट म्हणजे तोंड. अन्न तिथूनच आत जातं आणि उरलंसुरलं तिथूनच बाहेर येतं. या प्राण्याचं नाव फंजिया, आणि ते लॅटिनमधल्या छत्रीच्या शब्दावरूनच पडलंय. (अंगठीतलं मंगळाचं पोवळं याचा सख्खा भाऊ नव्हे. त्याच्या पॉलिपला आठ शुंडक असतात, तर दगडी प्रवाळाचा हिशोब सहाच्या पटीत चालतो.)

याचं पिल्लू आधी खडकाला चिकटतं. देठ येतो, देठावर तबकडी वाढते. मग देठाजवळचा चुना विरतो आणि तबकडी सुटी होऊन वाळूत येते. मागे उरलेला देठ कधीकधी दुसरी तबकडी धरतो! सुटी तबकडी पडूनही राहत नाही. वाळूत गाडली गेली तर अंगात पाणी भरून फुगते आणि वर येते, सरकतेसुद्धा. २००९ साली तांबड्या समुद्रात इलात इथे याच्याच एका भाईबंदाने अख्खा जेलीफिश गिळल्याची नोंद झाली. आता बोला.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. नव्या प्रोग्रामरची नेहमीची चूक म्हणजे जे आधी डोळ्यात भरतं त्यावरून क्लास पाडायचा. 'एकटे' एका क्लासमध्ये, 'वसाहतवाले' दुसऱ्यात. प्रवाळांच्या अभ्यासकांचीही बराच काळ सगळी भिस्त सांगाड्याच्या आकारावरच होती. मग जनुकं वाचता यायला लागली आणि मांडणी फिरली. २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की वसाहत सोडून एकटं होणं प्रवाळांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलंय. छत्रीप्रवाळांच्या कुळात उलटंही झालंय. एका तोंडाच्यांपासून अनेक तोंडांचे, तेही एकाहून अधिक वेळा. म्हणजे एकटेपणा हा बेस क्लास नव्हेच, नुसती एक प्रॉपर्टी आहे, कधी चालू कधी बंद. २०११ साली याच कुळाची नवी वंशावळ आली, तेव्हा फंजियातल्या बाकीच्या जाती दुसऱ्या नावांखाली गेल्या आणि मागे उरली एकटी फंजिया फंजायटिस. एकट्याच्या प्रजातीतही एकटीच :)

बरं, एकटं म्हणजे बिघडलेलं असंही नाही. दगडी प्रवाळांच्या जवळपास निम्म्या जाती अंधाऱ्या किंवा थंड पाण्यात राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्याच. आपल्या समुद्रातल्या अशा कितीतरी जाती आल्कॉक या डॉक्टरने १८९८ च्या ग्रंथात नोंदवल्या. त्या मिळाल्या होत्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाच्या जाळ्यात, आणि ते जहाज बांधलं होतं मुंबईच्या गोदीत.

हे सगळं मी आण्णांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी दगड उलटा केला, खालचे काटे चाचपले आणि म्हणाले, "म्हंजे हा तुकडा नाही. पुरा आहे."

"हो."

"मग मला कामून तुकडा समजायलास?"

मी गप्प. मग म्हणालो, "आण्णा, पण तोही अगदी एकटा नसतो. त्याच्या अंगात शैवाल असतं, उन्हात साखर करून देतं. ते गेलं की पांढरा पडतो, उपाशी मरतो. तुमचं शैवाल कोण?"

आण्णा हसले. मग बोटं मोजायला लागले. काकू, दूधवाला, दत्तबर्डीला सोबत येणारे दोघं, जुना विद्यार्थी असलेला मेडिकलवाला. पाच झाले. सहावं बोट माझ्याकडे करून म्हणाले, "तू. पण फोन रोज पायजे. तिसऱ्या दिवशी नाही."

रविवारी न्हाणीत दांडी बसवून घेतली आणि काकूंच्या फोनमध्ये माझा नंबर घातला. भीती गेली का? नाही. रात्री-अपरात्री फोन वाजला की आजही पोटात गोळा येतो. पण त्यांना आणायचं ते माझी भीती जावी म्हणून की त्यांच्यासाठी, हे मी आधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

असो. साडेआठ वाजले, फोन करायची वेळ झाली.