चाळीस फोटो आणि एक काका

मुंबईचा लॅमिंग्टन रोड बहुतेकांना ठाऊक असतो. आमच्या हुबळीतही त्याच नावाचा रस्ता आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव दोन्हीकडे राहिलं, कारण तेव्हा हुबळीही त्याच इलाख्यात होती. या रस्त्यावर फोटो छापायला गेलं की एक गोष्ट जाणवते. लग्नाचे अल्बम सोडले, तर हल्ली लोक छापून घेतात ते मुख्यतः दोनच प्रकारचे फोटो: पासपोर्टचे आणि हार घालायचे.

मागच्या वर्षी आमचे थोरले काका गेले. तेराव्याच्या आधी फ्रेम हवी होती. घरच्या ग्रुपवर मागणी केली, तर तासाभरात चाळीस फोटो आले. मुंज, वाढदिवस, उणकल तलाव, सगळीकडे काका होते, पण असे की कुठे अर्धा चेहरा कोणाच्या खांद्यामागे, कुठे फ्लॅशने चष्मा पांढरा, तर कुठे डोक्यातून कॅलेंडर उगवलेलं. एका घोळक्यात ते बरे दिसत होते. दुकानदाराने तेवढाच चेहरा पडद्यावर मोठा केला, तर नुसते चौकोन.

हिशोब सोपा आहे. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. वीस माणसांत एका चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले शंभरएक येतात. आठ बाय दहा इंचांच्या नीट छपाईला मात्र, इंचाला ३०० धरले, तर २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. म्हणून छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. त्यात काटछाट होत नाही.

शेवटी उपयोगी पडला तो अकरावीतल्या भाचीच्या फोनमधला एक फोटो. तिने तो कोणाला पाठवलाच नव्हता. “आजोबा हसत नव्हते ना त्यात!” काका खिडकीशी पेपर वाचत बसलेले, क्षणभर मान वर करून बघताहेत. तो चांगला का आला, हे मी नंतर तिच्याबरोबर बसून पाहिलं.

उजेड खिडकीतून एका बाजूने येत होता आणि फ्लॅश बंद होता. ती जमिनीवर बसली होती, त्यामुळे कॅमेरा काकांच्या डोळ्यांच्या उंचीला आला. दोन पावलं मागे राहून तिने झूम दोनपट केला होता; फोन अगदी तोंडाजवळ नेला की नाक मोठं दिसतं. मागे रिकामी भिंत होती. स्क्रीनवर नऊ चौकोनांच्या रेषा सुरू असल्यामुळे डोळे वरच्या रेषेवर आले होते. चौकटीचे तीन भाग करण्याच्या या नियमाला १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ यांनी नाव दिलं, ते चित्रांसाठी. आज तो प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ म्हणून बसला आहे.

एडिटिंग पाच मिनिटांचं. आधी मूळ फोटोची प्रत ठेवली. कललेली खिडकी सरळ केली, कडेचा टीपॉय कापला, ‘शॅडोज’ थोडं वाढवून अंधारातला गाल उजळला. दुकानदाराने चेहरा गुळगुळीत करून देऊ का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, “नको. भुवईवरचा तो व्रण गेला, तर मला ते ओळखू यायचे नाहीत.”

सरावाला उणकलचं चंद्रमौळीश्वर मंदिर छान. त्याला चारही दिशांना दरवाजे आहेत. कोणालाही दाराच्या थोडं आत उभं करा आणि बाहेरच्या उजेडाकडे बघायला सांगा. चौकट आणि प्रकाश दोन्ही आयते मिळतात.

पण मंडळी, सरावासाठी लांब जायलाच हवं असं नाही. घरात आजी-आजोबा असतील, तर या रविवारी सकाळी त्यांना खिडकीशी बसवा. ‘हसा’ म्हणू नका. लहानपणी सायकल कोणी शिकवली ते विचारा, आणि उत्तर देताना फोटो काढा. दहातला एक निवडा, छापा आणि त्यांच्याच हातात द्या.

काकूंचा फोटो आम्ही दिवाळीत काढला. “डोळ्यांखाली किती काळं दिसतंय गं,” असं म्हणत त्यांनी तो स्वतःच फ्रिजवर लावला.