लष्कर मोहल्ल्यातले हूड

लष्कर म्हटले की पुणेकरांना कॅम्प आठवतो. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्याची ओळख मात्र अशोका रोडवरचे सेंट फिलोमिना चर्च. चौथे कृष्णराज वाडियार यांनी १९३३ मध्ये त्याची कोनशिला बसवली. ते पाहायला पाहुणे रिक्षाने येतात, हौशी मंडळी टांग्याने. उघड्या मोटारीसारखेच रिक्षाचे हूडही लोखंडी सांगाड्यावर ताणलेले रेक्झिन असते.

उन्हाने रेक्झिन कडक होते, सांगाड्यावर घासून झिजते आणि शिवणीचा दोरा कुजतो. म्हैसूरला ऑक्टोबरातही पाऊस गाठतो, तोही ऐन दसऱ्याच्या गर्दीत. कमाईच्या दिवसांत गळके हूड म्हणजे भिजलेली सीट आणि परत फिरलेले गिऱ्हाईक!

म्हणून छिद्र बोटाएवढे असतानाच ठिगळ लावावे. जागा धुऊन पूर्ण वाळवावी. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते उचकटत नाहीत. आतून चिकटवून कडेने शिवावे आणि शिवणीवर मेण घासावे. सांगाडा जिथे घासतो, तिथे जाड कापडाची पट्टी गुंडाळावी. नाहीतर नवे ठिगळही तिथेच फाटते. उघड्या जीपचे हूड ओले असताना दुमडू नये.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. हुडाला मात्र ते वेळीच लावता येते.