कडेचा चेंडू

शाळेतील खेळांविषयी काही लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा प्रथम मी जिंकलेल्या चषकांची यादी करू लागलो. यादी अर्ध्यावरच राहिली. पुनःपुन्हा आठवत राहिला तो दौंडला हरलेला एक सामना.

न्हावरे-चौफुला मार्गाने, उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत आमचा संघ शिरूरहून दौंडला पोहोचला होता. आमचा उजवा विंगर वाऱ्यासारखा पळे. त्या दिवशी त्याने बचावपटूंना कितीदा तरी मागे टाकले. परंतु त्याचा प्रत्येक क्रॉस एकतर गोलरक्षकाच्या हाती जाई, नाहीतर गोलवरून पलीकडे. मी रेषेबाहेरून ओरडत होतो, "वर बघ, वर बघ!" अखेर उत्तरार्धात त्याला बाहेर बसवले. परतताना तो एवढेच म्हणाला, "सर, वर बघून काय शोधायचं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."

पुढे आठवडाभर तो मैदानावर आला नाही. शेवटी मीच वसतिगृहात त्याच्या खोलीवर गेलो आणि चूक माझी होती, हे त्याच्या सोबत्यांसमक्ष सांगितले.

मग फक्कीने तीन चौकोन आखले: जवळच्या खांबापाशी एक, दूरच्या खांबापाशी एक आणि तिसरा पेनल्टीच्या खुणेजवळ, गोलपासून 11 मीटरवर. क्रॉस माणसाकडे नव्हे, जागेकडे द्यायचा. त्या जागी वेळेवर पोहोचणे हे सोबत्याचे काम. नजर वर करायची ती शेवटच्या स्पर्शाआधी, क्षणभर. लाथ मारताना डोळे चेंडूवरच हवेत. माझ्या ओरडण्याने तो नेमका त्याच क्षणी मान वर करी, अंग मागे झुके आणि चेंडू आकाशात जाई! टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला हवा, कंबर गोलकडे वळलेली हवी. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या उजव्या अंगाला फटका बसला, की तो गोलरक्षकापासून दूर, धावत येणाऱ्या सोबत्याकडे वळतो. आमची मुले उंचीने लहान. हवेतल्या चेंडूवर त्यांचा निभाव लागत नसे. म्हणून गोलरेषेपर्यंत जाऊन जमिनीलगत मागे दिलेला चेंडू आम्ही अधिक घोटला. आमच्या मुरमाड मैदानावर तोही उसळे, ही गोष्ट वेगळी.

दौंड हे रेल्वेचे गाव, म्हणून मी मुलांना पी. के. बॅनर्जी यांच्याविषयी सांगत असे. ईस्टर्न रेल्वेकडून खेळणारे हे उजवे विंगर 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवले, त्यातील एक गोल त्यांचा. कडेने खेळणारा तो दुय्यम, ही मुलांची समजूत त्यामुळे थोडी ढळली.

सायंवंदनेपूर्वीचा अर्धा तास तो मुलगा एकटाच चेंडू मारीत राही. सत्र संपता संपता दहातील सहा चौकोनात पडू लागले.

पुढच्या वर्षी पुन्हा दौंड. शेवटच्या मिनिटांत त्याने गोलरेषेजवळून चेंडू मागे दिला, अगदी तिसऱ्या चौकोनात. आठवीतला एक चिमुरडा तेथे धावत पोहोचला आणि त्याने तो गोलवरून उडवला. सामना बरोबरीत सुटला. चिमुरडा रडू लागला, तेव्हा आमचा विंगर त्याच्यापाशी गेला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, तू जागेवर होतास ना!"