खूण जुळली, वेळ चुकली

एखादी वस्तू बंद पडली, की तिचा कोणता तरी भाग झिजला किंवा मोडला असावा, असा आपला पहिला तर्क असतो. परंतु सर्व भाग शाबूत असूनही, केवळ त्यांचा परस्परांशी मेळ बिघडल्यामुळे ती निश्चेष्ट पडू शकते. आमच्या घरच्या डिझेल मोटारीच्या निमित्ताने २०१४ साली मला याचा प्रत्यय आला.

कोलकात्याच्या पूर्वेस न्यू टाउन ही नगरी वसू लागली, तेव्हा आमचे कुटुंब येथे राहावयास आले. मामंजींनी १९९४ साली घेतलेली पांढरी अॅम्बॅसॅडरही आमच्याबरोबर आली. हुगळीकाठी उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही मोटार तयार होत असे. मामंजींच्या पश्चात ती सासूबाईंच्या नावावर झाली. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात जावयाचे ते याच गाडीतून, असा त्यांचा नेम होता.

मे २०१४ मध्ये त्या कारखान्यातील उत्पादन थांबले, आणि त्याच वर्षाअखेर आमच्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. पुढे ती ५-५ वर्षांनी तपासणी करवून वाढवून घ्यावी लागते. नेमक्या त्याच सुमारास इंधनपंपातून डिझेल गळू लागले, म्हणून गाडी एका गॅरेजात दिली. पंप दुरुस्त होऊन परत बसला, गळती थांबली; पण इंजिन काही केल्या सुरू होईना. पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, सगळे इंजिन खोलावे लागेल, असा तेथून निर्णय आला. त्यासाठी सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. भंगारवाला येऊन भाव करून गेला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "द्यायची तर द्या, पण दोरीने ओढत नेलेली मला पाहवणार नाही."

तेव्हा शेजाऱ्यांनी राजारहाटच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचविले. पिवळ्या टॅक्सींची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी आल्याबरोबर एकच प्रश्न केला, "माशिमा, गाडी बंद पडण्याआधी शेवटचा हात कुठे लागला होता?" सासूबाईंनी पंपाची हकिकत सांगितली. मिस्त्रींनी इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते ठरावीक जागी घट्ट अडत होते. दाब शाबूत असल्याचे ते लक्षण होते. मग त्यांनी स्टार्टर मारावयास सांगितला. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास होता. "तेल येते आहे, दमही आहे. फक्त टाइमिंग गेले आहे," ते म्हणाले.

हे टाइमिंग म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. आमच्या मळ्यातील विहिरीवर किर्लोस्करांचे डिझेल इंजिन होते. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या कारखान्याने अशी इंजिने महाराष्ट्रात खेडोपाडी पोहोचविली. ते इंजिन हँडल मारून सुरू करताना मी लहानपणी पाहिले आहे. परंतु त्यात ठिणगी कोठून येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वास्तविक डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. रूडोल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती स्वतःच तापते. आमच्या गाडीसारख्या इंजिनात हवेचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्श्यावर येते आणि तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा आला, की ते आपोआप पेटते. क्षण चुकला, तर तेल पेटत नाही.

आता खरी मेख पाहा. पिस्टनच्या चार फेऱ्या असतात: हवा घेणे, दाबणे, ज्वलनाने खाली ढकलले जाणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार फेऱ्यांत मुख्य दांड्याचे दोन वेढे होतात, म्हणून पिस्टन दोनदा माथ्यावर येतो: एकदा हवा दाबून झाल्यावर आणि एकदा धूर टाकून झाल्यावर. दोन्ही वेळा पुलीवरची खूण त्याच जागी येते. आधीच्या कारागिराने खूण अचूक जुळविली होती. पण ती दुसऱ्या वेळची होती. त्यामुळे धूर टाकण्याच्या वेळी पंप डिझेल पाठवीत होता, आणि हवा तापलेली असे तेव्हा तो मुकाट राहत होता.

मिस्त्रींनी इंजिनावरचे झाकण काढले. या इंजिनात पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे पिस्टन एकाच वेळी माथ्यावर येतात. चौथ्याचा एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असेल, तर पहिल्यात हवा दाबलेली आहे असे समजावे. ती जागा धरून त्यांनी पंपाला गती देणारा दात्यांचा दांडा अर्धा वेढा फिरवून पुन्हा बसविला आणि नळ्यांतील एअर काढली. हीटर तापू देऊन मुलाने किल्ली फिरविली, तेव्हा इंजिन दोनदा खोकले आणि धडधडू लागले. एवढ्यावर मिस्त्री थांबले नाहीत. पंपाचे नट सैल करून त्यांनी तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकविला. डिझेल लवकर आले तर इंजिन खडखडते, उशिरा आले तर धूर आणि दुबळेपणा. मिनिटाला ८०० वेढ्यांच्या मंद गतीतही दांडा एक अंश फिरतो तो सेकंदाच्या सुमारे ४८०० व्या भागात. एवढ्या सूक्ष्म काळाची पारख ते केवळ कानाने करीत होते.

माझा व्यवसाय भाषांतराचा. शब्दन्‌शब्द अचूक असूनही क्रम चुकल्यामुळे मेलेली वाक्ये मला रोज भेटतात. त्यांना नवे शब्द नको असतात, जागा हवी असते. मिस्त्रींनीही एकही नवा सुटा भाग घातला नाही. त्यांनी दिवसाची मजुरी घेतली आणि सासूबाईंच्या हातचा चहा घेऊन ते गेले.

गाडी तपासणीत उतरली आणि आणखी ५ वर्षे घरात राहिली. २०१९ मध्ये मुदत संपली, तेव्हा जुन्या डिझेलचा धूर शहराच्या हवेला सोसणारा नाही, हे ओळखून सासूबाईंनीच ती मोडीत देण्याचे ठरविले. ती आपल्या चाकांवर चालत गेली. घरातील काही अडले, की "शेवटचा हात कुठे लागला होता?" असे सासूबाई अजूनही आधी विचारतात. पुष्कळदा दुरुस्ती तेथेच सापडते.