अ‍ॅक्सेंटला हसायचं की जोकला?

पुण्या-मुंबईच्या स्टँड-अपमध्ये नुसतं ‘काहून बे’ म्हटलं की हॉल खिदळतो. बुलडाण्यात तेच म्हटलं, तर लोक पुढच्या वाक्याची वाट बघत बसतात. हसण्याच्या शोधात केलेली एक वीकेंड ट्रिप... घाटावर आणि घाटाखाली!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून कसंबसं लॉग-आउट, ट्रॅफिकची कटकट, आणि मग एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर पन्नास-साठ खुर्च्या, एक माइक, एक स्टूल आणि त्यावर पाण्याची बाटली. स्टँड-अपचा हा सेट-अप तुम्हा-आम्हाला आता नवा राहिलेला नाही. चार-पाच कॉमेडियन्स, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. त्यातला एक जण हमखास विदर्भातला काका रंगवतो. हात कमरेवर, मान तिरकी आणि ‘काहून बे?’ बस्स! टाळ्या, शिट्ट्या, फुल्ल टू धमाल.

पण एक मिनिट. जोक झाला कुठे अजून? ‘काहून’ म्हणजे फक्त ‘का’. आपण ‘का रे?’ म्हणतो, तेव्हा कुणी खुर्चीवरून पडत नाही. मग ‘काहून बे’ला एवढं काय हसायचं?

हा प्रश्न डोक्यात ठेवूनच बुलडाण्याला निघायचं. कारण जिथे अख्खं गावच ‘मले-तुले’ बोलतं, तिथे नुसत्या अ‍ॅक्सेंटवर कोण हसणार? तिथे कॉमेडियनला जोक सांगावाच लागतो, बॉस!

घाटावरचं हसू, घाटाखालचं हसू

मुंबईहून रात्रीच्या अमरावती किंवा विदर्भ एक्स्प्रेसने निघालात, की झोप पूर्ण व्हायच्या आत मलकापूर येतं. तिथून बुलडाणा पन्नास किलोमीटरच्या आत. मोताळा मागे पडतं आणि राजूर घाट चढायला लागतो. आणि इथेच जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. नकाशावर तेरा तालुके दिसतील, पण लोकांच्या तोंडी दोनच भाग : ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली.

घाट चढला की हवा बदलते तशी भाषाही बदलते. मलकापूरच्या बाजूला वऱ्हाडीत खान्देशी मिसळते. सिंदखेड राजाकडे जालन्याच्या मराठवाडी वळणाचे शब्द कानावर येतात. खामगावच्या बाजारपेठेत हिंदी आणि मारवाडीही ऐकू येते. म्हणजे आपण शहरात ज्याला सरसकट ‘विदर्भी अ‍ॅक्सेंट’ म्हणतो, तो एका जिल्ह्यातच चार प्रकारचा असतो. नक्कल करणाऱ्याने जरा तपशिलात जावं ना!

या पट्ट्याने दिलेले हिरो

हसवणाऱ्यांची या भागाला कमी नाही. २००५ साली स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं आणि घराघरात स्टँड-अप हा शब्द पोचला. त्याचं पहिलं पर्व जिंकणारा सुनील पाल मूळचा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये आपल्या बोलीसकट आले आणि वऱ्हाडी टोन थेट प्राइम टाइमला जाऊन बसला. त्याच्या कितीतरी आधीपासून ‘मिर्झा एक्स्प्रेस’ घेऊन मिर्झा रफी अहमद बेग यांनी विदर्भातली गावं पिंजून काढली. एक माणूस, एक माइक, वऱ्हाडी कविता आणि अधूनमधून चिमटे. याला आपण आज काय म्हणतो? स्टँड-अपच ना?

आणि हो, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’! अनेकांना वाटतं ते वऱ्हाडातलं नाटक. तसं नाही. त्यातलं ‘वऱ्हाड’ लग्नाचं, आणि माणसं मराठवाड्यातली. लक्ष्मण देशपांडे एकटे स्टेजवर उभे राहून पन्नासहून अधिक माणसं उभी करायचे. २००९ साली ते गेले. पण एकट्याने तास-दोन तास हॉल बांधून ठेवायची सवय महाराष्ट्राला लावण्यात त्यांचा वाटा मोठा. २०१६ पासून ‘भाडिपा’ने यूट्यूबवर मराठी कॉमेडी तरुण मंडळींच्या मोबाइलमध्ये आणली, तेव्हा जमीन अशी आधीच नांगरलेली होती.

तिकीट नाही, म्हणून जास्त टेन्शन

आता प्रत्यक्ष शोची रात्र. घाटाखालचं एक गाव, गणेशोत्सवाचे दिवस. मंडपात पुढे सोफे (पाहुण्यांसाठी), मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला बायकांसाठी सतरंज्या आणि सगळ्यात मागे मोटरसायकलींची रांग. सीटवर रेलून उभी असलेली गावातली पोरं हीच खरी बाल्कनी. कार्यक्रमाचं नाव काहीही असो, हास्य कविसंमेलन किंवा हास्यधमाका, स्टेजवरची बॅटिंग ऑर्डर ठरलेली. आधी मिमिक्री करणारा. मग कथाकथन. मग विडंबनवाला कवी. आणि ज्याचं नाव बॅनरवर सगळ्यात मोठं, तो शेवटी. तो लवकर आला तर गर्दी घरी जाईल ना!

पण त्याआधी सत्कार. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ. भाषणं. घड्याळ पळतंय. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम देशभर २००० सालापासून आहे. सणासुदीच्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्यामुळे इथला निवेदक हा अर्धा सूत्रसंचालक आणि अर्धा ट्रॅफिक पोलीस. पाहुण्यांना दुखवायचं नाही आणि कलाकाराची मिनिटंही खाऊ द्यायची नाहीत.

शहरातल्या शोचा एक छुपा फायदा इथे नसतो. आपण तिकीट काढलेलं असतं, म्हणजे हसायचं ठरवूनच आलेले असतो. पैसे वसूल करायचे असतात! इथे प्रवेश फुकट. कंटाळा आला की माणूस चप्पल शोधतो आणि चालू लागतो. त्याला कसलाही संकोच नाही. माइकवरच्या माणसाला समोर रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसत असतात. म्हणून मुरलेले कलाकार दुपारीच गावात येतात, चहाच्या टपरीवर तासभर बसतात. कोणता रस्ता कितीव्यांदा खोदलाय, लाइट किती वाजता जाते, सोयाबीनला काय भाव लागला, सगळं गोळा करतात. रात्री तेच लोकांना परत वाढतात, फोडणी देऊन.

‘पोटासाठी काय करते?’

त्या रात्री शेवटच्या कलाकाराने सुरुवात अगदी साधी केली.

‘‘पोरगी पाहाले गेलो. पोरीच्या बापानं इचारलं, पोरगा काय करते? म्हनलं, शेती करते. थो म्हने, थे ठीक हाय जी, पन पोटासाठी काय करते?’’

आधी सोफे हसले. मग खुर्च्या. मागे मोटरसायकलींपाशी मात्र दोन सेकंद सन्नाटा. शेती करतो म्हणून लग्न जमत नसलेली पोरं तिथेच उभी होती. कलाकार थांबला. घाई केली नाही. आणि मग मागून असा काही हशा आला, की पुढचे सगळे माना वळवून बघायला लागले. एक जण तर गाडीच्या टाकीवर थापा मारत होता.

त्याने दुसरा दिला. ‘‘पुन्याच्या पोराले इचारा, पॅकेज किती? थो आकडा सांगते. माह्या बापाले इचारा, पॅकेज किती? थो म्हन्ते, पेपरात तं आल्तं!’’

‘पॅकेज’ हा तुमचा-माझा रोजचा शब्द. अप्रेझलच्या सीझनमध्ये आपण दुसरं बोलतो काय? पण विदर्भात या शब्दाला २००६ साल चिकटलेलं आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे त्या वर्षी केंद्र सरकारने सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, वाशीम आणि बुलडाणा. त्या मंडपात बसलेल्या कित्येकांच्या घरात हे आकडे जेवताना बोलले गेले असतील. याच जिल्ह्यातले लेखक सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीही शिकून शेतीत अडकलेल्या पोराचीच गोष्ट. तिथे वाचताना घशात आवंढा येतो. इथे त्याच दुखण्यावर लोक मांड्या थोपटत होते.

हसून कर्ज फिटत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण स्वतःच्या परिस्थितीवर, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गावात हसणं आणि दुसऱ्याने आपल्या बोलण्यावर हसणं, यात फरक आहे. वऱ्हाडी तीच, शब्दही तेच. एका ठिकाणी बोली जोक सांगते. दुसऱ्या ठिकाणी बोलीचाच जोक होतो.

क्युबिकलमधला म्यूट

आता जरा आपल्या ऑफिसात या. हिंजवडी असो की ऐरोली, तुमच्या फ्लोअरवर बुलडाणा, अकोला, वाशीमकडचं कुणीतरी असणारच. मीटिंगमध्ये तो घोटीव, सपाट मराठी बोलतो, किंवा सरळ इंग्रजीवर जातो. मग घरून फोन येतो. तो उठून पॅसेजमध्ये जातो, दार लावतो आणि मग कुठे ‘काय करून राह्यली माय?’ ऐकू येतं. आवाज मोकळा, खांदेही सैल. परत डेस्कवर आला की पुन्हा म्यूट.

आणि गंमत बघा. मराठी गद्याचा पाया मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला तो रिद्धपूरला, म्हणजे याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. ज्या पट्ट्याच्या जोरावर भाषेचं वय सांगायचं, त्याच पट्ट्याच्या बोलण्याला ‘फनी’ म्हणायचं? हे काही जमत नाही!

म्हणून पुढच्या शुक्रवारी शोला जाल, तेव्हा एक सोपी टेस्ट लावा. कॉमेडियनची ओळ मनातल्या मनात पुणेरी करून बघा. तरी हसू आलं, तर जोक अस्सल. बोली काढल्यावर काहीच उरलं नाही, तर तुम्ही एका माणसाच्या आईच्या भाषेला हसलात. टाळी जरा जपून वाजवा.

जाणार असाल तर...

• सीझन : गणेशोत्सव ते होळी. या काळात हास्य कविसंमेलनं आणि कथाकथनाच्या रात्री जास्त रंगतात. तारखा बऱ्याचदा चौकातल्या बॅनरवरच कळतात, त्यामुळे तिकडच्या ऑफिस-मित्राला कामाला लावा.

• कसं जाल : रेल्वेने मलकापूर किंवा शेगाव. गाडीने निघालात तर समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा आणि मेहकर तालुक्यांतून जातो.

• दिवसा काय : उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेलं लोणार सरोवर (२०२० पासून रामसर स्थळ), सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान, शेगावला गजानन महाराजांचं मंदिर.

• खायला : शेगावची कचोरी, गरमच. सोबत तळलेली मिरची.

• कुठे बसाल : सोफा देऊ केला तर हात जोडून नाही म्हणा. मागे, मोटरसायकलींपाशी जागा पकडा.