पद्मावतीने सांगितलेले गुपित

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे व्यापाराचे आणि भट्टारकपीठांचे गाव. तेथील ग्रंथभांडारांत तत्त्वग्रंथांच्या जोडीने कथाकाव्येही जपली गेली. मुनी कनकामर यांचे दहा संधींचे अपभ्रंश काव्य ‘करकंडचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिले व १९३४ साली ते कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

कथा एखाद्या कादंबरीसारखी आहे. चंपेची गर्भवती राणी पद्मावती हिला उन्मत्त हत्ती दूर रानात नेतो. स्मशानात जन्मलेला तिचा पुत्र करकंड परक्या हाती वाढतो, दंतीपूरचा राजा होतो, मदनावलीचे चित्र पाहून तिच्यावर अनुरक्त होतो. पुढे चंपानरेश धाडीवाहनाशी त्याचे युद्ध जुंपते. समोरचा शत्रू आपला पिता आहे, हे त्यास ठाऊक नसते. पद्मावती रणभूमीवर येऊन नाते उघड करते आणि शस्त्रे खाली येतात. पिता पुत्राला राज्य सोपवून विरक्त होतो.

व्यापारी घराण्यांतही जुन्या वाटणीचे, मोडलेल्या सोयरिकीचे खरे कारण जाणणारी एखादी आजी असते. घराच्या अब्रूसाठी ती मौन पाळते. नातवंडे मात्र कारण न जाणताच अबोला पुढे चालवितात. खातेवहीत जुनी बाकी पुढे ओढताना तिचा तपशीलही लिहावा लागतो. क्षमावाणीच्या दिवशी केवळ हात जोडून न उठता, त्या आजीजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे.